कावीळ, कॉर्टिसोन आणि डॉ. फिलिप हेंच

१ एप्रिल १९२९. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील रोचेस्टर या लहानशा गावात, तिथल्या प्रसिद्ध मेयो क्लिनिकमध्ये, ६५ वर्षांचे एक गृहस्थ तपासणीसाठी आले होते. ते स्वतः डॉक्टर होते. काही वर्षांपासून त्यांना रूमेटॉइड आर्थ्रायटिस होता, म्हणजे आपल्याकडे साधारणपणे ज्याला आमवात म्हणतात तो. बोटांचे, मनगटांचे, गुडघ्यांचे सांधे सुजणारा आणि सकाळी उठल्यावर तासभर हातपाय आखडून ठेवणारा आजार. बोलता बोलता त्यांनी सांगितले की मध्यंतरी त्यांना कावीळ झाली होती आणि कावीळ आल्याबरोबर, एक-दोन दिवसांतच, सांध्यांची दुखी उतरू लागली. कावीळ काही आठवड्यांत गेली, पण सांध्यांचा आराम त्यानंतरही कित्येक महिने टिकला.

एखाद्याने हे ऐकून सोडून दिले असते. आमच्या ओपीडीतही रुग्ण असे काहीबाही सांगत असतात आणि समोर रांग असली की डॉक्टर मान हलवून पुढचा केसपेपर घेतो. त्या दिवशी समोर बसलेल्या ३३ वर्षांच्या डॉ. फिलिप हेंच यांनी ते लिहून ठेवले. पुढची वीस वर्षे त्या एका नोंदीच्या मागे गेली. आज गावोगावच्या मेडिकलमध्ये मिळणारी प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन, बेटामेथासोन ही सगळी औषधे त्याच वाटेवरून आपल्यापर्यंत आली. त्यांचे दुष्परिणामही त्याच वाटेने आले आणि ते पहिल्यांदा पाहणाऱ्यांतही हेंचच होते. या माणसाचे आयुष्य म्हणूनच थोडे तपशिलात सांगायचे आहे.

हेंच यांचा जन्म २८ फेब्रुवारी १८९६ रोजी पिट्सबर्ग या पोलादाच्या शहरात झाला. जन्मतः त्यांची टाळू दुभंगलेली होती. त्यामुळे त्यांचे बोलणे स्पष्ट नव्हते, अनोळखी माणसाला समजायला वेळ लागे. तरीही त्यांनी पेशा निवडला तो दिवसभर रुग्णांशी बोलण्याचा, आणि नंतर मोठमोठ्या सभांमध्ये भाषणे देण्याचा. १९१६ मध्ये लाफायेट कॉलेजातून पदवी, १९२० मध्ये पिट्सबर्ग विद्यापीठातून वैद्यकीय पदवी आणि १९२१ पासून मेयो क्लिनिक. १९२६ मध्ये, म्हणजे तिशीतच, ते तिथल्या सांधेविकार विभागाचे प्रमुख झाले. पुढच्याच वर्षी त्यांनी मेरी केहलर यांच्याशी लग्न केले. रोचेस्टरला येणाऱ्या रुग्णांची आणि नातेवाइकांची सोय करणारी मोठी हॉटेले मेरीच्या वडिलांची होती.

त्या काळी सांधेविकार विभाग म्हणजे फारसे वैभवाचे खाते नव्हते. आमवात हा एखाद्या दडून बसलेल्या जंतूमुळे होतो असा समज होता. म्हणून रुग्णांचे दात उपटले जात, टॉन्सिल काढले जात. दुखणे मात्र तसेच राही. शेवटी ॲस्पिरिन, गरम पाण्याचा शेक, विश्रांती आणि सहानुभूती. सांधे एकदा बिघडले की बिघडले, अशीच सर्वांची समजूत होती. काविळीच्या रुग्णाने हेंच यांना जे दाखवले त्याचे महत्त्व इथे आहे. जर एखादा आमवाताचा रुग्ण दोन दिवसांत मोकळा होऊ शकतो, तर आजार कायमचा घट्ट बसलेला नाही. तो उलटवता येतो. म्हणजे शरीरातच काहीतरी आहे जे त्याला उलटवते.

मग त्यांनी असे आणखी रुग्ण शोधले आणि ते सापडत गेले. कावीळ खरोखरच आमवाताला आराम देते अशी त्यांची खात्री झाल्यावर त्यांनी ती कृत्रिमरीत्या साधण्याचा प्रयत्न केला. रुग्णांना पित्ताचे क्षार दिले, यकृताचा अर्क दिला, काविळीच्या रुग्णाचे रक्तसुद्धा चढवून पाहिले. आजच्या नियमांत यातले काही बसणार नाही. कशाचाही उपयोग झाला नाही.

दरम्यान दुसरी एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. आमवात असलेल्या अनेक स्त्रियांना गरोदरपणात बराच आराम पडतो आणि बाळंतपणानंतर काही आठवड्यांत दुखणे पुन्हा डोके वर काढते. आपल्याकडच्या सुईणींनाही हे ठाऊक असावे, पण त्यावरून पुढचा विचार हेंच यांनी केला. कावीळ पुरुषांनाही होते, त्यामुळे तो पदार्थ केवळ स्त्रियांचा हार्मोन असू शकत नाही. गरोदर बाईला कावीळ नसते, त्यामुळे तो पित्तातला पदार्थही नसावा. स्त्री-पुरुष दोघांच्याही शरीरात थोडा थोडा असणारा आणि काही परिस्थितीत वाढणारा असा तो हार्मोन असावा. त्यांनी त्याला तात्पुरते नाव दिले, पदार्थ एक्स. आणखी एक धागा असा की काविळीत दम्याच्या आणि ॲलर्जीच्या काही रुग्णांनाही आराम पडताना दिसला होता. म्हणजे हा पदार्थ एकट्या सांध्यांचे औषध नव्हता.

तो पदार्थ त्याच संस्थेत, थोड्याच अंतरावरच्या प्रयोगशाळेत एका काचेच्या कुपीत होता. मेयो क्लिनिकचे रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड केंडॉल हे हेंच यांच्याहून दहा वर्षांनी मोठे. १९१४ मध्ये त्यांनी थायरॉईड ग्रंथीतले थायरॉक्सिन वेगळे काढले होते. १९३० नंतर ते मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथींच्या मागे लागले. कत्तलखान्यांतून गाड्या भरून येणाऱ्या जनावरांच्या ग्रंथींतून चिमूटभर शुद्ध पदार्थ मिळे. त्यांनी असे अनेक पदार्थ वेगळे केले आणि त्यांना ए, बी, ई, एफ अशी अक्षरे दिली. स्वित्झर्लंडमध्ये बाझल इथे टाडेउश राइखस्टाइन हेही स्वतंत्रपणे हेच काम करत होते. जानेवारी १९४१ मध्ये हेंच आणि केंडॉल यांचे बोलणे झाले आणि आमवातावर ई पदार्थ वापरून पाहायचा असे ठरले. वहीत तशी नोंदही झाली. पण देण्याएवढा ई पदार्थ जगात कोणाकडेच नव्हता.

नंतर महायुद्ध आले. हेंच लष्कराच्या वैद्यकीय सेवेत गेले आणि आर्कन्सॉ राज्यातील हॉट स्प्रिंग्स इथे सैनिकांच्या सांधेविकार केंद्राचे प्रमुख झाले. इकडे जर्मन वैमानिकांना ॲड्रिनलचा अर्क देऊन जास्त उंचीवर उडवतात अशी एक अफवा पसरली. अफवा निराधार होती, पण तिच्यामुळे अमेरिकेत ॲड्रिनलच्या संशोधनाला सरकारी पाठबळ मिळाले. मर्क कंपनीतील तरुण रसायनशास्त्रज्ञ लुईस सॅरेट यांनी १९४४ च्या अखेरीस ई पदार्थ प्रयोगशाळेत बनवला, तीसहून अधिक पायऱ्यांच्या किचकट प्रक्रियेने. कच्चा माल होता जनावरांच्या पित्तातील एक आम्ल. काविळीच्या रुग्णावरून सुरू झालेला शोध पुन्हा पित्तापाशीच येऊन पोहोचला, हा योगायोग मला दरवेळी गंमतीचा वाटतो.

२१ सप्टेंबर १९४८ रोजी रोचेस्टरच्या सेंट मेरीज रुग्णालयात तो पदार्थ पहिल्यांदा आमवाताच्या रुग्णाला टोचला गेला. रुग्ण होती २९ वर्षांची एक स्त्री. जुलैपासून ती तिथे दाखल होती. मुद्दाम कावीळ आणण्याच्या औषधासह सगळे उपाय थकले होते, पण बरे झाल्याशिवाय घरी जाणार नाही असा तिचा हट्ट होता. कुशीवर वळायलाही तिला कष्ट पडत. रोज १०० मिलिग्रॅम इंजेक्शन सुरू झाले. दोन-तीन दिवसांत ती अंथरुणात सहज कूस बदलू लागली, आठवड्यात चालू लागली आणि गावात जाऊन काही तास खरेदी करून आली.

यात नशिबाचा वाटा मोठा होता. १०० मिलिग्रॅम हा डोस अंदाजाने ठरवलेला होता. त्याच्या निम्मा दिला असता तर फरक कदाचित जाणवला नसता आणि एवढा महाग पदार्थ पुन्हा कोणी दिला नसता. इंजेक्शनमधील स्फटिकांचा आकारही योगायोगाने योग्य निघाला.

हेंच यांनी लगेच गाजावाजा केला नाही. त्यांचे सहकारी चार्ल्स स्लोकम आणि हॉवर्ड पॉली यांच्यासह त्यांनी आणखी रुग्णांवर उपचार केले आणि मधूनच औषधाऐवजी नुसता द्रव टोचून खात्री करून घेतली. एप्रिल १९४९ मध्ये मेयोच्या सभागृहात त्यांनी निष्कर्ष मांडले आणि चलचित्रफीत दाखवली. आधी पायरी चढता न येणारे रुग्ण नंतर झरझर चढताना पाहून श्रोते उभे राहिले. ई पदार्थाचा आणि ई जीवनसत्त्वाचा लोक घोटाळा करतील म्हणून नवे नाव ठेवले गेले, कॉर्टिसोन. डिसेंबर १९५० मध्ये हेंच, केंडॉल आणि राइखस्टाइन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पहिल्या इंजेक्शनपासून जेमतेम सव्वादोन वर्षांत. बक्षिसाच्या रकमेतला काही भाग हेंच यांनी सहकाऱ्यांना दिला आणि सेंट मेरीजच्या प्रमुख परिचारिका सिस्टर पँटेलियन यांना रोमच्या यात्रेसाठी मदत केली. वॉर्डात रात्रंदिवस रुग्णांकडे पाहणारी परिचारिका या शोधात सहभागी आहे, असे मानणारा डॉक्टर तेव्हाही विरळाच होता.

वर्तमानपत्रांनी गोष्ट इथेच संपवली, पण हेंच यांच्या वॉर्डातली गोष्ट इथे सुरू झाली होती. पहिल्या काही रुग्णांतच त्यांना दिसले की चेहरा गोल होतो, अंगावर पाणी धरते, चेहऱ्यावर लव वाढते. कोणी अतिउत्साही होते, झोप उडते, तर कोणाचे मन पार बिघडते. औषधाचा पुरवठा तुटपुंजा असल्याने ते मधूनमधून थांबवावे लागे आणि थांबवले की काही दिवसांत दुखणे परत येई, कधी आधीपेक्षा जोराने. हे औषध आजार बरा करत नाही, तो असेपर्यंत दाबून धरते, हे हेंच यांनी पहिल्या शोधनिबंधापासून स्पष्ट लिहिले. लोकांनी मात्र त्यातला चमत्कार तेवढा वाचला.

दुखणे परत येते यामागे एकच कारण नाही, आणि आजही सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो. आपल्या ॲड्रिनल ग्रंथी रोज कॉर्टिसॉल नावाचा हार्मोन बनवतात, अंदाजे ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनच्या ताकदीचा. किती बनवायचा हे मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी ठरवते. बाहेरून गोळी येऊ लागली की पिट्युटरीला वाटते की घरात पुरेसे आहे, आणि ती हुकूम देणे थांबवते. हुकूम नाही म्हणून ॲड्रिनल आक्रसत जातात. गोळी काही आठवडे, महिने चालली आणि एका दिवशी अचानक बंद झाली, तर शरीराकडे ना बाहेरचे स्टेरॉइड असते ना स्वतःचे. झोपलेल्या ग्रंथी जाग्या व्हायला काही महिने लागतात, कधी वर्षही.

हेंच यांचे सहकारी स्लोकम यांनी १९५० च्या सुरुवातीच्या वर्षांत हे बारकाईने पाहिले. कॉर्टिसोन कमी करताना काही रुग्णांचे अंग मोडून येई. स्नायू, सांधे, पाठ सगळे दुखे, भयंकर थकवा येई, मन उदास होई. रुग्णाला वाटे आमवात उसळला. डॉक्टरलाही तसेच वाटे. पण सांधे पाहिले तर त्यांवर तेवढी सूज नसे. स्टेरॉइडची सवय झालेल्या शरीराला ते कमी पडल्याने होणारे हे दुखणे होते. पुढे त्याला स्टेरॉइडचा खोटा संधिवात अशा अर्थाचे नाव मिळाले. यातला फास असा की डोस वाढवला की दोन्ही दुखणी थांबतात. म्हणून रुग्ण डोस वाढवतो, मग कमी करायला घाबरतो आणि वर्षानुवर्षे अडकून राहतो.

हेंच त्यांच्या रुग्णांना रोज १०० मिलिग्रॅम कॉर्टिसोन देत होते. ताकदीच्या हिशेबाने ते २० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन किंवा ३ मिलिग्रॅम डेक्सामेथासोनइतके होते. डेक्सामेथासोनची अर्ध्या मिलिग्रॅमची छोटी गोळी अनेकांनी पाहिली असेल. तिच्या दोन गोळ्या दिवसातून तीनदा घेतल्या की हेंच यांचा पूर्ण डोस झाला. रोचेस्टरला तो डोस दाखल रुग्णाला, रोजची लघवी मोजून, वजन करून दिला जात होता. इकडे अंबड, घनसावंगी, परतूर भागातल्या खेड्यांतून रुग्ण येतात तेव्हा त्यांच्या पिशवीत कागदाच्या पुडीत तीन-चार रंगांच्या सुट्या गोळ्या असतात. वेष्टन नाही, नाव नाही. कोणी त्याला वाताची पुडी म्हणते, कोणी गावठी औषध. कापूस वेचणीच्या दिवसांत ती घेतली की काम उरकते, भूक लागते, अंगात तरतरी येते. सहा महिन्यांनी चेहरा भरलेला, हातपाय काडीसारखे, मानेमागे गोळा, पोटावर जांभळे पट्टे आणि शुगर वाढलेली. पुडीत स्टेरॉइडच आहे हे प्रत्येक वेळी प्रयोगशाळेत सिद्ध करता येत नाही. पण हेंच यांनी वर्णन केलेला तो चेहरा समोर बसलेला असतो.

यातल्या बऱ्याच जणांना आमवात मुळात नसतोच. वयामुळे आणि कष्टाने गुडघे झिजलेले असतात. त्या दुखण्यात स्टेरॉइडच्या गोळीला जागाच नाही. व्यायाम, वजन, गरज पडली तर साधे वेदनाशामक आणि शेवटी शस्त्रक्रिया, असा तो मार्ग आहे. पुडी देणाऱ्याने हा फरक केलेला नसतो, कारण त्याच्याकडे एकच औषध असते.

मग अशा लेखातून पुडी वाईट आहे हे कळल्यावर माणूस काय करतो? रागाने ती उकिरड्यावर फेकून देतो. हे सर्वांत धोक्याचे. १९५२ साली अमेरिकेत एका तरुण रुग्णाचा खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर काही तासांत मृत्यू झाला. तो बराच काळ कॉर्टिसोन घेत होता आणि शस्त्रक्रियेआधी ते थांबवले गेले होते. शवविच्छेदनात त्याच्या ॲड्रिनल ग्रंथी आक्रसलेल्या आढळल्या. शस्त्रक्रिया, अपघात, जोराचा ताप किंवा जुलाब-उलट्या यांत निरोगी शरीर कॉर्टिसॉल कित्येक पटींनी वाढवते. झोपलेल्या ग्रंथींना ते जमत नाही. रक्तदाब कोसळतो, उलट्या होतात, पोट दुखते, माणूस गळून जातो, कधी बेशुद्ध होतो. आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यात असा रुग्ण आला की सगळ्यांच्या मनात आधी ऊन लागल्याचा विचार येतो. म्हणून नातेवाइकांनी पहिल्याच वाक्यात सांगावे की हे अमुक महिने वाताच्या गोळ्या घेत होते आणि परवापासून बंद केल्या. पुडी उरली असेल तर सोबत आणावी. हायड्रोकॉर्टिसोनचे इंजेक्शन आणि सलाईन वेळेवर मिळाले तर असा रुग्ण काही तासांत उठून बसतो.

साधारण तीन-चार आठवड्यांपेक्षा जास्त काळ रोज स्टेरॉइड घेतले असेल तर ते डॉक्टरच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने उतरवायचे. सुरुवातीला थोडे भरभर, ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनच्या आसपास पोहोचल्यावर फार सावकाश. या शेवटच्या टप्प्यातच अंगदुखी आणि थकवा येतो आणि तिथेच बहुतेकजण हरतात. दुखले तर सांध्यावर हात ठेवून पाहा. सांधा सुजला आहे का, गरम लागतो का, सकाळी आखडणे वाढले का, हे डॉक्टर पाहतो आणि रक्ताच्या तपासण्या करतो. मूळ आजार उसळला असेल तर उपचार वेगळा. सूज नाही, नुसते अंग मोडते, तर एक पायरी मागे जाऊन थांबायचे आणि मग आणखी हळू उतरायचे. सकाळी आठच्या सुमारास रक्तातले कॉर्टिसॉल मोजून ग्रंथी जाग्या झाल्या की नाहीत याचा अंदाज घेता येतो. दम लागल्यामुळे किंवा ॲलर्जीमुळे डॉक्टरांनी पाच-सात दिवसांचा कोर्स दिला असेल तर एवढी धास्ती घेण्याचे कारण नाही. दम्याच्या पंपाने तर घाबरून जाऊ नये आणि तो मनाने बंद तर मुळीच करू नये.

दुखण्याचे तिसरे कारण हेंच यांच्या पिढीला थोडे उशिरा कळले. १९५७ पासून अशा नोंदी येऊ लागल्या की स्टेरॉइड घेतलेल्या काही रुग्णांच्या खुब्याच्या सांध्यातील हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा बंद पडतो आणि हाड मरते, चेपते. त्याला आम्ही थोडक्यात एव्हीएन म्हणतो. २०२० च्या जूनमध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी डेक्सामेथासोनमुळे ऑक्सिजनवर असलेल्या कोविड रुग्णांचे मृत्यू कमी होतात हे दाखवले. ते औषध लाखोंना योग्यच दिले गेले, पण दुसऱ्या लाटेत गरज नसताना, जास्त आणि लांबवून देण्याचे प्रकारही झाले. २०२१ मध्येच मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी कोविडनंतर एव्हीएन झालेले रुग्ण नोंदवले होते. लक्षणे ओळखण्यासारखी असतात. जांघेत दुखते, मांडी घालून बसता येत नाही, दुचाकीवर पाय टाकताना कळ येते. कधी दुखणे गुडघ्यात जाणवते आणि सगळी तपासणी गुडघ्याचीच होते. सुरुवातीला एक्स-रे साफ असतो, निदान एमआरआयमध्ये होते. तरुण माणसाने मागे स्टेरॉइड घेतले असेल आणि जांघ दुखत असेल तर तो वात आहे म्हणून नवी पुडी आणू नये. लवकर कळले तर सांधा वाचवण्याचे प्रयत्न करता येतात.

हेंच यांच्या उत्तरायुष्यात कॉर्टिसोनची चमक झपाट्याने उतरली. १९५४ मध्ये ब्रिटनमध्ये आमवाताच्या रुग्णांत कॉर्टिसोन आणि साध्या ॲस्पिरिनची तुलना प्रसिद्ध झाली. वर्षभरानंतर दोन्ही गटांत फारसा फरक दिसला नाही. त्यांच्या शोधावरचा हा मोठाच घाव होता. १९५५ मध्ये अंगावर पाणी कमी धरणारी प्रेडनिसोन, प्रेडनिसोलोन आली, पण बाकीचे दुष्परिणाम राहिलेच. दुसरीकडे दमा, ल्युपस, डोळ्यांचे दाह, मूत्रपिंडाचे विकार यांमध्ये याच औषधांनी असंख्य प्राण वाचवले आणि आजही वाचवतात. काविळीत दम्याला आराम पडतो हे हेंच यांनी नोंदवलेच होते. आमवाताला आज मेथोट्रेक्सेट हे मुख्य औषध आहे. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते, चुकून रोज घेतले तर ते विष ठरते. त्याचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, तेवढ्या काळापुरता कमी डोसाचा स्टेरॉइड पूल म्हणून वापरतात आणि मग काढून घेतात.

हेंच १९५७ मध्ये निवृत्त झाले. त्यांना दोन छंद होते आणि दोन्ही धागा धरून शोध घेण्याचे. एक, शेरलॉक होम्स. त्यांनी जमवलेली होम्सची पुस्तके मिनेसोटा विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत. दुसरा छंद जास्त गंभीर होता. १९०० मध्ये क्युबात वॉल्टर रीड यांच्या पथकाने पीतज्वर डासांमुळे पसरतो हे स्वयंसेवकांवरील प्रयोगांतून सिद्ध केले होते. हेंच यांनी त्यातले हयात असलेले स्वयंसेवक शोधून काढले, त्यांच्याशी बोलले, पत्रे आणि छायाचित्रे गोळा केली आणि प्रयोगांची छावणी नेमकी कुठे होती ती जागा निश्चित केली. ज्यांनी स्वतःला डास चावून घेतले त्यांची नावे हरवू नयेत, यासाठी या माणसाने वीसहून अधिक वर्षे दिली.

३० मार्च १९६५ रोजी जमैका बेटावर सुटीवर असताना न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. पीतज्वराच्या कागदांवर त्यांना पुस्तक लिहायचे होते, ते राहून गेले. मेरी हेंच यांनी ते सगळे खोके व्हर्जिनिया विद्यापीठाला दिले आणि अभ्यासकांना ते आजही तिथे पाहता येतात.